पाऊण वेढा

प्लंबरने गिझरखालच्या उजव्या पाइपावर तळहात ठेवला, मग डाव्यावर, आणि पुन्हा उजव्यावर. स्टुलावरून खाली न उतरताच त्याने दाराकडे मान वळवली.

"ताई, जरा इकडे या. याला हात लावून बघा."

मुलगी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. ऑफिसचे कपडे अंगावर, पायात चपला, हातात फोन. तिने दोन बोटं पाइपाला टेकवली.

"कोमट आहे. गिझर चालू आहे म्हटल्यावर असणारच की."

"डावा असू दे. तो गरम पाणी बाहेर आणतो. हा उजवा थंड पाणी आत नेतो. हा गार पडायला हवा."

"मग?"

"मग काय ते बघतो."

बाथरूमबाहेरच्या बोळात तिचे वडील उभे होते. त्यांनी पुढे होऊन स्वतःही त्या पाइपाला हात लावला आणि परत आपल्या जागी जाऊन उभे राहिले. तीन महिन्यांत या घरात पाण्याचा काहीतरी बिघाड आहे असं त्यांच्याशिवाय दुसरं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

याआधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. दोघेही रविवारी, कारण मुलीला सवड रविवारी असायची. ती शनिवारी संध्याकाळी यायची आणि सोमवारी पहाटे जायची. रविवारी गिझरचं पाणी हात भाजेल असं यायचं. पहिल्या मेकॅनिकने हात झटकले, दुसऱ्याने कॉइल बदलली. बुधवार-गुरुवार आला की वडील फोनवर सांगायचे, आज पुन्हा गार. मुलगी विचारायची, बटण दाबलं होतं का? वडील म्हणायचे, दाबलं होतं. ती पुढे काही बोलायची नाही, आणि ते न बोलणं त्यांना बरोबर ऐकू यायचं.

गेल्या महिन्यात अशाच एका सकाळी आईच्या अंगावर साबण असताना पाणी गार झालं. चौथ्या दिवशी तिच्या छातीत कफ भरला, आठवडाभर ती दवाखान्यात होती. चौदा महिन्यांपूर्वी तिची उजवी बाजू गेली तेव्हापासून तिचं सगळं वडीलच करत होते. दवाखान्यातून घरी आणल्यावर मुलीने शुश्रूषा केंद्रात चौकशी केली. खाट मिळाली. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता आईला घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं. वडिलांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, त्याआधी एकदा पाणी बघून घेऊ. या प्लंबरला वार मोकळा होता तो बुधवार.

मुलीने बोळाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही मला एकच सांगा. बिघाड गिझरमध्ये आहे, की बाबांच्या डोक्यात? मला तसं ठरवायचंय."

"डोकी मी दुरुस्त करत नाही ताई. पाइपाचं विचारा." तो स्टुलावरून उतरला आणि तसाच थांबला. "हे काय वाजतंय?"

"पंप आहे. थंड पाण्याला जोर नव्हता, हँड शॉवरमधून नुसती धार गळायची. आईला चोळून धुवायला पाणी पुरायचं नाही. म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी बसवून घेतला."

"गरम लाइनलाही?"

"नाही. ती लाइन जुनी आहे, पंपवाले नको म्हणाले."

"पंप नळ उघडला की चालू होतो. आत्ता पाणी कोण वापरतंय?"

कोणीच वापरत नव्हतं. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन बघून आली.

"बाबा म्हणायचे, सारखा घरघरतो म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं, पंप आहे, घरघरणारच."

हँड शॉवर भिंतीवरच्या आकड्याला लटकत होता. त्याच्या मुठीवरचं बटण बंद होतं, एक थेंब गळत नव्हता. मागे भिंतीत दोन नळ होते, एक गरमचा, एक थंडचा. प्लंबर वाकला. त्याने थंडचा नळ बोटांनी बंद केला.

घरघर थांबली.

घर एकदम इतकं शांत झालं की आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "गेली... का लाइट?"

"लाइट आहे गं," वडील म्हणाले. "पंप थांबला."

"बरं... झालं."

प्लंबर बादली पालथी घालून तिच्यावर बसला. त्याने हाताने हवेत पाइप काढून दाखवले. "हे दोन्ही नळ उघडे, आणि पाणी अडवलंय ते पुढे, शॉवरच्या बटणाने. दोन्ही पाणी इथे एकत्र येतं. थंडाच्या मागे पंप, गरमाच्या मागे कोणी नाही. मग थंड पाणी गरमाच्या लाइनमध्ये घुसतं, गिझरमध्ये जातं आणि ज्या वाटेने यायचं त्या वाटेने उलटं वर टाकीत. गिझर रात्रभर तापवतोय, पंप रात्रभर ढकलतोय. गच्चीवरची अख्खी टाकी तापवायला निघाला होता बिचारा."

"पण रविवारी..."

"शनिवारी आल्यावर नळ कोण बंद करतं?"

"मीच करते. उघडा नळ मला बघवत नाही." ती थांबली. "आणि बाकीचे दिवस उघडा कोण ठेवतं?"

प्लंबर पिशवीत हात घालून काहीतरी शोधू लागला. "नळाचं काय, आतला वॉशर झिजतो, चाकी सैल होते. पन्नास कारणं असतात."

"मी ठेवतो," वडील म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे वळली. "विसरता?"

"विसरत नाही. मुद्दाम ठेवतो."

ते आत आले आणि नळांजवळ उभे राहिले. हिशेबाची वही समोर असावी तसे बोलू लागले.

"तिच्या उजव्या अंगाला गार-गरम कळत नाही. डाव्या हातावर पाणी घ्यायचं, ती मान हलवेल तोवर नळ फिरवायचे. तोवर ती ओल्या अंगाने कुडकुडत बसलेली. बरोबर पाणी सापडायला मला अकरा दिवस लागले. म्हटलं, आता हात लावायचा नाही. पाणी शॉवरच्या बटणाने सोडायचं, बटणानेच बंद करायचं. पंप आला तेव्हा थंडाचा जोर वाढला, तेच पाणी पुन्हा जमवायला चार दिवस गेले. आता गरमचा पाऊण वेढा, थंडचा पाव वेढ्याला किंचित कमी."

"आणि मी दर शनिवारी बंद करायचे."

"मग सोमवारी मी पुन्हा लावायचो. माप पाठ आहे."

"बाबा, सांगायचं होतं ना मला."

"नळ बंद करते म्हणून मुलीला कोण रागावतं?"

तिने फोन पर्समध्ये टाकला. चपला काढून बाहेर नेऊन ठेवल्या आणि अनवाणी परत आली.

"म्हणजे यात चूक कोणाची?" तिने प्लंबरला विचारलं.

"नुसत्या नळांनी काही बिघडलं नव्हतं. नुसत्या पंपानेही नसतं बिघडलं. दोघांची गाठ पडली." त्याने पिशवीतून काळा मार्कर काढला. "काका, खूण का नाही करून ठेवली? नळ खुशाल बंद करा, उघडताना खुणेपर्यंत उघडा."

वडिलांनी नळाच्या चाकीवरून अंगठा फिरवला. "सुचलं नाही."

"रोज हाताखालून जाणारी गोष्ट आहे. सुचत नाही."

गिझर तापायला अर्धा तास लागला. तेवढ्यात मुलीने चहा केला, प्लंबरने बोळात उभ्याउभ्याच घेतला. मग वडिलांनी आईची चाकाची खुर्ची ढकलत बाथरूमच्या दाराशी आणली. त्यांनी गरमचा नळ पाऊण वेढा उघडला, थंडचा पावाला किंचित कमी, शॉवरचं बटण दाबलं आणि धार तिच्या डाव्या तळहातावर धरली. प्लंबर मार्करचं टोपण काढून तयार उभा होता.

"हं," वडील म्हणाले. "हेच."

आई पाण्याकडे बघत राहिली. "जरा..."

"जरा काय?"

"जरा... जास्त. गरम."

"अगं, हेच तर रोजचं माप आहे."

"हो. रोजच... जास्त."

वडिलांचा हात बटणावर तसाच राहिला. पाणी वाहत होतं.

"आई, मग इतके महिने बोलली का नाहीस?" मुलीने विचारलं.

आईला एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "अकराव्या दिवशी... म्हणाले, सापडलं." तिने दम घेतला. "इतके... खूश झाले."

प्लंबर टाइल्सच्या सांधीकडे बघत उभा राहिला. वडिलांनी थंडचा नळ केसभर फिरवला.

"आता?"

"अजून."

"आता?"

तिने मान हलवली. "हं."

प्लंबरने वाकून दोन्ही नळांच्या चाक्यांवर एकेक रेघ ओढली आणि समोर भिंतीवर एकेक. मुलीने नळ बंद केले, खुणेवर खूण आणून पुन्हा उघडले आणि आईच्या हातावर पाणी धरून बघितलं. आईने मान हलवली. मग तिने वडिलांना करायला लावलं. त्यांना चष्मा घ्यावा लागला, पण रेघ चुकली नाही.

"हे कामचलाऊ झालं," प्लंबर पिशवी आवरत म्हणाला. "दोन्ही लाइनींवर एकेरी व्हॉल्व्ह बसवून देतो. पाणी एकाच दिशेने जाईल, नळ उघडा राहिला तरी उलटं फिरणार नाही. या मापाचे आत्ता माझ्याकडे नाहीत. सोमवारी आणतो. दहाला आलो तर चालेल? घरी कोणी असेल ना?"

वडिलांनी मुलीकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेऊन आईच्या हातावरचं पाणी टिपायला लागले.

"दहाला नको," मुलगी म्हणाली. "तेव्हा आईची आंघोळ चालू असते. अकराला या."