मागे एक

ओनेझिम सीर उभा जन्म बायकोच्या पुढे बर्फावरची स्नोमोबाइल चालवत आला, आणि वाट मात्र उभा जन्म त्याच्या मागून येणाऱ्या त्या बायकोनेच शोधली. ही गोष्ट साऱ्या खोऱ्याला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त ओनेझिमला.

रीत अशी होती. ओनेझिमची लाल गाडी पुढे, ब्लांडीनची पिवळी मागे. फाट्यावर तो चुकीच्या बाजूला वळला की मागून पिवळ्या गाडीचा दिवा दोनदा मिचकायचा. मग ओनेझिम थांबायचा, चष्मा पुसायचा, इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, मला इथे थांबायचंच होतं, केवढा छान देखावा आहे. देखावा म्हणजे चार ओंडके आणि एक बर्फाचा ढीग. ब्लांडीन मान डोलवायची आणि तो गाडी मागे वळवायचा. तिने एकदाही वाट आपण दाखवली असं म्हटलं नाही, आणि त्यानेही एकदाही विचारलं नाही. संसार असेच टिकतात.

या वाटांवर आणखी एक रीत आहे, आणि ती पाळली नाही तर जिवाशी गाठ पडते. वाट अरुंद, वळणापलीकडचं दिसत नाही. म्हणून समोरून कुणी आलं की पुढच्याने डावा हात वर करून बोटं दाखवायची: माझ्या मागे एवढ्या गाड्या आहेत, जपून. सगळ्यात शेवटच्याने मूठ दाखवायची: माझ्या मागे कुणी नाही, आता निवांत जा. ओनेझिमचं नेहमी एक बोट आणि ब्लांडीनची मूठ. त्यांची मिरेल लहान असताना आईच्या पुढ्यात बसायची, तेव्हा ब्लांडीन तिचा चिमुकला हातमोजा आपल्या मुठीत धरून वर करायची. समोरचे लोक हसून हात हलवायचे.

ब्लांडीन गेली ती गेल्या वसंतात, वाटांवरचं शेवटचं बर्फ वितळत असताना. पिवळी गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. घरात दोन माणसांच्या अंदाजाने प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, भाजणं काही ओनेझिमला सोडवेना. उरलेली तो कुत्र्याला घालायचा, आणि कुत्रा आपला गोल होत चालला होता.

हिवाळा आला, बर्फ पडलं, ओनेझिम लाल गाडी घेऊन एकटा निघाला आणि पहिल्याच फेरीत वाट चुकला. साधीसुधी नव्हे. तो भलत्याच गावच्या पेट्रोलपंपावर निघाला आणि कुणाच्या तरी ट्रकवर गाडी लादून घरी आला. बिचारा त्या दिवशी प्रत्येक फाट्यावर वळून थोडा वेळ थांबत होता. मागून दिवा मिचकला नाही, म्हणजे बरोबर चाललोय असं समजून पुढे जात होता. घरी आल्यावर खुर्चीत बसून त्याला एकदम सगळं उमजलं. तो कितीतरी वेळ बूट न काढता तसाच बसून राहिला.

मिरेल गावच्या दवाखान्यात नर्स होती आणि स्वभावाने आईवर गेली होती, फक्त आईइतकी गप्प नव्हती. तिने नाताळला बापाला जीपीएस भेट दिला, हँडलवर स्वतःच्या हाताने बसवला आणि अट घातली. एकदा जरी त्याला शोधायला माणसं पाठवावी लागली, तर गाडीची किल्ली तिच्याकडे आणि गाडी विकायला. ओनेझिम कबूल झाला. न होऊन करतो काय? गाडी गेली तर तलावही गेला, आणि तलावावर ब्लांडीनबरोबर दरवर्षी झाड लावायची जागा होती.

गोठलेल्या तलावावर पाटी लावता येत नाही, खांब ठोकता येत नाही. वारा सुटला की आभाळ आणि बर्फ एकच होऊन जातं. म्हणून नाताळ संपवणारा तीन राजांचा सण झाला की गावातली नाताळची झाडं तलावावर जातात. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, झाडाचं खोड त्यात उभं करायचं, वरून पाणी ओतायचं. पाणी गोठलं की झाड वसंतापर्यंत हलत नाही. अशी झाडांची रांग या काठापासून त्या काठापर्यंत जाते आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. सीरांची जागा बेटाजवळच्या वळणावर. सगळ्यात मोक्याची, कारण बेटापलीकडे प्रवाहामुळे बर्फ पातळ असतं. तिथलं झाड दिसलं नाही तर माणूस सरळ त्या पातळ बर्फावर जातो.

वाटांचं काम बघणारा रोझेर ओनेझिमचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने सुचवून पाहिलं की यंदा झाड मीच लावून येतो. ओनेझिमने त्याच्याकडे असं पाहिलं की रोझेरने विषय बदलला.

"बरं, जा बाबा," तो म्हणाला. "पण पेट्रोलपंपावर नको लावूस म्हणजे झालं."

रविवारी सकाळी ओनेझिम निघाला. मागे जोडलेल्या घसरगाडीवर झाड, गिरमिट आणि बादली. खिशात ब्लांडीनचा घडी घालून घालून मऊ झालेला नकाशा, वाचायला नव्हे, नुसता असावा म्हणून. मिरेल आणि रोझेर दुपारी गावच्या स्नोमोबाइल क्लबच्या खोलीत वाटाण्याच्या सूपसाठी त्याची वाट बघणार होते.

मेपलच्या बागेपाशी फाटा लागला. जीपीएसची निळी रेघ डावीकडे बागेतून जात होती, वर्षानुवर्षांची वाट. पण फाट्यावर नवी कोरी नारिंगी पाटी होती आणि तिचा बाण उजवीकडे होता. ओनेझिमने गाडी थांबवली. सवयीने मागे वळून पाहिलं. मागे झाड होतं आणि झाडामागे रिकामी वाट. यंत्र एक सांगतंय, पाटी दुसरं, आणि सांगणारी नाही.

मग त्याला तिचं एक बोलणं आठवलं. मागे कधीतरी मिरेलने आईलाही असलं यंत्र देऊ केलं होतं, तेव्हा ब्लांडीन म्हणाली होती, "मला आपली पाटी बरी. पाटी लावायला कुणीतरी इथवर आलेलं असतं."

ओनेझिम खाली उतरला. पाटीपाशी गेला, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक पाटी अक्षर न अक्षर वाचली. मालकाने बाग बंद केली होती, लोक वाट सोडून मेपलच्या रोपांवरून गाड्या नेत होते म्हणून. क्लबने उजवीकडून नवी वाट काढली होती. खाली रोझेरचा फोन नंबर होता. ओनेझिम उजवीकडे वळला आणि पुढच्या प्रत्येक पाटीपाशी वेग कमी करत, ओठ हलवत ती वाचत गेला. एकटाच असल्यामुळे लाज वाटायचं कारण नव्हतं. उलट त्याला बरं वाटत होतं. दर पाटीपाशी कुणीतरी येऊन गेलेलं होतं.

थोड्या वेळाने समोरून दोन गाड्या आल्या. दक्षिणेकडून सुट्टीला आलेलं एक तरुण जोडपं असावं, गाड्या भाड्याच्या होत्या. पुढच्या मुलाने एक बोट दाखवलं, मागच्या मुलीने मूठ. ओनेझिमनेही हात वर केला आणि ते दोघे वळणाआड गेले. तो पाट्या वाचत पुढे निघाला.

तलाव लागला तेव्हा स्वच्छ ऊन होतं. इतरांच्या झाडांची रांग बेटापर्यंत आली होती आणि वळणानंतर पुन्हा सुरू होत होती. मधली जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली. त्याने भोक पाडलं, झाड उभं केलं, पाणी ओतलं, आणि खोड धरून ते गोठेपर्यंत उभा राहिला. हे काम दोघांचं होतं: ब्लांडीन दूर उभी राहून सांगायची, थोडं डावीकडे, अजून, हां. आज त्याने झाड धरलं, सोडलं, दूर जाऊन पाहिलं, परत येऊन सरळ केलं. खोडाभोवती बर्फ धरलं तेव्हा तो झाडाला मोठ्याने म्हणाला, "हां." मग डोळे पुसून तो गाडीवर बसला, आणि थंडगार प्लॉय खायला त्याने डबा उघडला.

तेव्हाच त्याला ती दिसली. झाडांच्या रांगेतून, काठाकडून, पिवळी गाडी येत होती.

ओनेझिम उभा राहिला. घास तोंडातच राहिला. ताडपत्री, शेड, वसंत, सगळं क्षणभर पुसलं गेलं. ती आली, उशीर झाला पण आली, एवढंच त्याच्या मनात आलं. मग गाडी जवळ आली, शिरस्त्राण निघालं आणि आत मिरेल होती, घामेजलेली आणि घाबरलेली.

"बाबा, तुमच्या मागे कोण होतं?"

"माझ्या मागे? कुणी नाही."

"मग बोट कुणासाठी दाखवलंत?"

ओनेझिमने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे. मिरेलने मग एका दमात सगळं सांगितलं. ते जोडपं त्याच्यामागच्या गाडीसाठी वाटेकडेला थांबलं. गाडी आलीच नाही. कुणीतरी बर्फात उलटून पडलं असणार म्हणून दोघं पाटीपाटीवर थांबत, कडेचं खोल बर्फ बघत फाट्यापर्यंत गेली आणि तिथून पाटीवरच्या नंबरावर फोन केला: लाल गाडी, मागे झाड, एक म्हातारबाबा, त्यांच्या मागचा माणूस सापडत नाही. रोझेरने फोन ठेवला आणि मिरेलला हाक मारली. मग गाड्या काढल्या. मिरेलला शेडमधली पिवळी घ्यावी लागली, दुसरी नव्हतीच.

"तुझ्या आईसाठी," ओनेझिम म्हणाला. "मला कळलंसुद्धा नाही गं. हात आपोआप वर गेला."

ओनेझिमने गाडीची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

"घे. शोधायला माणसं निघाली. ठरलं होतं ना आपलं." मग त्याला राहवलं नाही. "पण एक सांगतो, पोरी. वाट नाही चुकलो मी. मोजणी चुकली."

मिरेलने झाडाकडे पाहिलं. ते जिथे असायला हवं तिथे, सरळ उभं होतं. तिने काठाकडे पाहिलं, आणि मग बापाच्या हँडलवरच्या यंत्राकडे, ज्याच्यावर निळी रेघ अजून बंद बागेतून जात होती.

"हे तर डावीकडे सांगतंय. तुम्ही फाट्यावर उजवीकडे कसे वळलात?"

"पाटी वाचली."

"तुम्ही?"

"मीच. सगळ्या वाचल्या."

मिरेल हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. आई गेल्यापासून ती बापासमोर रडली नव्हती. बापाला सांभाळायचं म्हटल्यावर रडायला सवड कुठली? ओनेझिमने तिला जवळ घेतलं. दोघांचे जाड कोट मध्ये आल्यामुळे ते मिठी मारण्यापेक्षा एकमेकांवर रेलण्यासारखंच झालं, पण चाललं.

मग तिने नाक पुसलं, किल्ली त्याच्या हातातून घेतली आणि लाल गाडीत परत खोचली.

"ते शोधत होते ते आईला," ती म्हणाली. "आपलं ठरलं होतं ते तुम्हाला शोधण्याबद्दल."

"म्हणजे?"

"म्हणजे चालवा. रविवारी मला सुट्टी असते. मी मागे येत जाईन." ती पिवळ्या गाडीवर बसली. "आणि ती प्लॉय इकडे द्या, सकाळपासून उपाशी आहे मी."

त्याने डबा पुढे केला. त्यात नेहमीप्रमाणे दोन माणसांपुरती होती.

परतीला ओनेझिम पुढे निघाला. नव्या वाटेवर तो प्रत्येक पाटी वाचत गेला, आता ओठ न हलवता, कारण मागे माणूस होतं. मेपलच्या बागेपाशी फाट्यावर ते जोडपं अजून थांबलेलं होतं, गाड्या कडेला लावून. सापडल्याशिवाय हलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्याशेजारी रोझेर उभा होता. ओनेझिमच्या मागे कोण असायचं हे त्याने त्यांना सांगितलं होतं की नव्हतं, कोण जाणे.

ओनेझिमने त्यांना पाहिलं, वेग कमी केला, डावा हात उंच केला आणि एक बोट दाखवलं.

ती मुलगी या वेळी बोटावर विसंबली नाही. तिने मान उंचावून त्याच्या मागे पाहिलं. वळणावरून पिवळी गाडी आली. रोझेरने टोपी काढली. आणि मिरेलने हँडलवरचा हात उचलून आईसारखी मूठ दाखवली.