मैनाबाईंच्या कपाळाची खाज

नागीण उठली ती बासष्ट सालच्या उन्हाळ्यात, उजव्या भुवईपासून थेट टाळूपर्यंत. फोड महिन्याभरात वाळले, पण खाज दोन वर्षं हटली नाही. वलगावच्या मैनाबाई रक्त येईपर्यंत कपाळ खाजवत. पाला झाला, अंगारे झाले, मलमं झाली. शेवटी दीर जानराव म्हणाले, "कातडी तं साफ हाये. वयनीचं डोकं फिरलं. पागलखान्यात नेऊन शॉक देऊ."

"शॉक तुमी घ्या," मैनाबाई कडाडल्या. "माह्या डोक्याले आग लागली हाये, ते फिरलं नाही!"

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बसनं अकोल्याला बहिणीकडे, गोदाबाईकडे आल्या आणि डॉक्टर मोरोपंतांच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. मोरोपंतांनी कपाळ पाहिलं आणि त्यांच्या कागदावर 'मानसिक' असं लिहिलं. "जखम भरली आहे. आता हा मनाचा खेळ. देवाचं नाव घ्या."

मैनाबाई जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा मोरोपंतांचा पुतण्या उद्धव, नुकताच डॉक्टर झालेला, पुढे आला. "खाज येते कशी?"

"आतून मुंग्या चालतात. नख पोचत नाही तिथं."

दोन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. उद्धवनं समजावलं, की नागीण वाळली तरी दुखावलेली नस मेंदूला खोटी वर्दी देत राहते. परदेशात काही डॉक्टर डोक्यावर ओले स्पंज ठेवून बॅटरीचा अगदी हलका प्रवाह सोडून पाहत होते, तेही दुसऱ्याच आजारासाठी. "यात झटका नाही, बेशुद्धी नाही. पण गुण येईलच असं मी म्हणणार नाही."

"मंग पाहू ना. डोकं माह्यं हाये."

उद्धवनं बॅटरी, तारा आणि स्पंज जोडून एक डबा तयार केला. चौथ्या खेपेनंतर त्यांचा हात संध्याकाळपर्यंत कपाळाकडे गेला नाही. मोरोपंत हसले. "अरे, बाईंना वाटतं म्हणून वाटतं. डबा रिकामा असता तरी वाटलं असतं."

"मंग रिकामा लावा," मैनाबाई म्हणाल्या. "तार कवा काढली ते मले सांगू नका. मी रोज येऊन खाजेचं सांगतो."

मोरोपंतांना ते झोंबलं. दहा दिवस पडद्यामागे ते स्वतः बसले. तार जोडली की काढली, हे ते रोज एका चिठ्ठीवर लिहून बंद करत; ना उद्धवला ठाऊक, ना बाईंना. प्रवाह इतका हलका, की कातडीला कळत नसे. अकराव्या दिवशी चिठ्ठ्या उघडल्या. तार जोडलेल्या पाच दिवसांपैकी चार दिवस आराम होता. काढलेल्या पाचांपैकी दोन दिवस.

"दोनदा फसलात, बाई," मोरोपंत म्हणाले.

"फसली कावून? त्या दोन दिवशी मी पोटभर जेवली, झोपली. तो आराम बी माहाच. आन् मन फसलं म्हणून खाज खोटी होते काय? तुमी त्या चार दिवसांचं बोला!"

मोरोपंतांनी चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. दहा दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. खाज पुढेही समूळ गेली नाही. काही आठवडे डब्याचा काडीचा उपयोग होत नसे. पण त्या सकाळी त्यांनी मैनाबाईंचा कागद ओढला, 'मानसिक' हा शब्द खोडला आणि वर 'नसेचा आजार' असं लिहिलं.

मैनाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो कागद बाकावर बसलेल्या एका मास्तरांपुढे धरला. "वाचा जी," त्या म्हणाल्या, "मोठ्यानं."