उभं करून तपासा

"मोहनाबेन, ट्रॉली कोण हलावे छे?"

डॉ. पारीखांनी मान वर न करता विचारलं. टेबलावरच्या पेशंटचं पोट उघडं होतं आणि त्यांचे दोन्ही हात आत होते.

ट्रॉली कुणीच हलवत नव्हतं. मोहना शिर्केनं ट्रॉलीच्या कडेवर फक्त हात टेकला होता, आणि ट्रेमधल्या चिमट्या-कात्र्या एकमेकींवर बारीक किणकिणत होत्या. तिनं हात उचलला. किणकिण थांबली. पण आता टेकायला काही उरलं नाही आणि मांड्यांमधली ती थरथर वर चढली. पायाखालची फरशी कुणीतरी हळूच ओढून घेत असल्यासारखं वाटू लागलं. तिनं मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. वीसपर्यंत कशीबशी पोचली.

"सर, शलाकाला आत घ्या," ती म्हणाली. "मला बाहेर जावं लागेल."

बडोद्यातल्या बावीस वर्षांच्या नोकरीत चालू ऑपरेशन सोडून ती पहिल्यांदाच बाहेर पडली. बाहेरच्या बाकावर बसल्याबरोबर पाय शांत झाले, काही झालंच नसल्यासारखे. याचंच तिला जास्त वाईट वाटलं. निदान दहा मिनिटं तरी थरथरायचं होतं, कुणाला दाखवता आलं असतं.

तासाभरानं शलाका मास्क काढत आली. थिएटरमधली ही सगळ्यात नवी सिस्टर. जरा घुटमळून म्हणाली, "मोहनाताई, सर विचारत होते, तुमच्या घरी काही प्रॉब्लेम आहे का म्हणून."

घरी काहीच प्रॉब्लेम नव्हता. नवरा नंदू वाघोडियाच्या एका कारखान्यात सुपरवायझर, सकाळी कंपनीच्या बसनं जायचा, संध्याकाळी यायचा. मुलगी आकांक्षा वर्षापूर्वी नोकरीला पुण्याला गेली होती. नंदूला वाटायचं, तिथूनच हे सुरू झालं.

"तू मनाला लावून घेतलंस," तो म्हणायचा. "बोलत नाहीस, मग ते असं पायांतून निघतं."

मोहनाच्या हाताशी डॉक्टरांची कमतरता नव्हती. उभा जन्म त्यांच्यातच गेलेला. हाडांच्या डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय काढून "उमरना हिसाबे बराबर छे" म्हटलं. शिरांच्या डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले. साखर, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, सगळं जागच्या जागी. नसांच्या एका मोठ्या डॉक्टरांसाठी दीड महिना थांबावं लागलं. त्यांनी तिला आडवं केलं, गुडघ्यावर हातोडी मारली, बोट नाकाला लावायला सांगितलं आणि सात मिनिटांत निकाल दिला, "नसा एकदम ओके. बेन, टेन्शन ओछं करो." टेन्शन कमी करायला मग मानसोपचारतज्ज्ञ झाले. त्यांच्या गोळीनं दिवसभर गुंगी यायची. थरथर होती तशीच, फक्त आता ती पेंगुळलेल्या बाईची थरथर होती.

हळूहळू तिलाही पटायला लागलं की आपण भित्र्या झालो आहोत. बँकेच्या रांगेत उभं राहायचं काम ती नंदूवर ढकलायची. दात घासायचे तेसुद्धा ती घरभर फिरत. शेजारच्या लग्नात अक्षता टाकायला उभं राहायचं, तर जेवणाची पंगत बघून येते असं सांगून ती मांडवाबाहेर सटकली आणि वधूवरांवर अक्षता पडेपर्यंत पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत राहिली.

पण नर्सची सवय सुटत नाही. पेशंटचा चार्ट भरतात तशा ती स्वैपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटींत बारीक अक्षरात नोंदी करायची. एका रविवारी चहाचा कप घेऊन तिनं गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी एका दमात वाचल्या. ओट्याशी उभी, अर्धं मिनिट. ओट्याला टेकून, बरं. चालताना, काही नाही. बसल्यावर, काही नाही. झोपल्यावर, काही नाही.

ती कप तसाच ठेवून नंदूकडे गेली.

"अहो, मला आत्तापर्यंत कुणी उभं करून तपासलंच नाहीये."

"म्हणजे?"

"सगळे म्हणतात बसा. नाहीतर म्हणतात झोपा. बसल्यावर मला होतच नाही काही. मग त्यांना दिसणार काय?"

नंदूनं पेपरची घडी करून बाजूला ठेवला.

सोमवारी तिनं नसांच्या डॉक्टरांचे नंबर काढले आणि प्रत्येक दवाखान्यात एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर पेशंटला उभं करून तपासतात का?" पहिल्या ठिकाणी फोन ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणची मुलगी हसली. तिसऱ्या ठिकाणच्या बाई मात्र वैतागून म्हणाल्या, "अरे बेन, अमारा मॅडम तो बधाने आखी लॉबीमां चलावे छे! एटले तो मोडं थाय छे."

सगळ्यांना लॉबीभर चालवून बघतात, उशीर होतो तो यामुळे! मोहनानं तिथंच नंबर लावला.

डॉ. सानवी मजमुदार पस्तिशीच्या असतील. थरथरीच्या आजारांचंच वेगळं शिक्षण घेऊन त्या वर्षापूर्वी बडोद्याला परतल्या होत्या. "मराठीत सांगा, चालेल," त्या म्हणाल्या. "माझ्या क्लासमध्ये अर्ध्या मुली मराठीच होत्या." त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये एकदाही पेन उचललं नाही. मग मोहना तपासायच्या टेबलाकडे वळली तशी म्हणाल्या, "नाही नाही, झोपू नका. इथे उभ्या राहा. कशाला टेकू नका. पडू देणार नाही मी."

मोहना खोलीच्या मधोमध उभी राहिली. सोबत आलेला नंदू खुर्चीच्या कडेवर बसला होता. अर्धं मिनिट गेलं आणि मांड्या सुरू झाल्या. डॉक्टर सरळ फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी स्टेथोस्कोप मोहनाच्या मांडीला लावला. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या.

"तुम्ही ऐका," म्हणत त्यांनी तो तिच्या कानांत घातला.

लांबून हेलिकॉप्टर यावं तसा आवाज. एकसारखा, भरभर, न थकणारा. आयुष्यात हजारो छात्या ऐकल्या होत्या तिनं, हे कधी ऐकलं नव्हतं. ती खुर्चीत बसली. आवाज बंद. उभी राहिली. थोड्या वेळानं परत आला.

"आहे," ती म्हणाली. "ऐकू येतंय."

नंदूनंही ऐकलं. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"हे रोज होतं?"

"रोज."

त्यानं कानातून नळ्या काढल्या आणि त्या कुणाकडे द्याव्यात हे न कळून हातातच धरून ठेवल्या.

पायांना तारा लावून एक तपासणी झाली, त्यातून खात्री पटली. उभं राहिल्यावरच येणाऱ्या या थरथरीला आजार म्हणून नाव होतं. मनाचं काही नव्हतं. "गोळीनं थोडं कमी होईल," डॉक्टर म्हणाल्या, "पण जाणार नाही, हे आत्ताच सांगते. चाला, बसा, हवं ते करा. एका जागी उभं राहणं तेवढं नाही जमणार."

"मी थिएटर सिस्टर आहे," मोहना म्हणाली.

डॉक्टरांनी समजून मान हलवली. 

आठवड्यानं ती रिपोर्ट घेऊन डॉ. पारीखांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"में तो एम समज्युं के..."

"माहीत आहे, सर. मीही तेच समजले होते."

"स्टूल ठेवू आपण तुमच्यासाठी. उंच बनवून घेऊ," ते मराठीवर येत म्हणाले.

तिनं रिपोर्टची घडी घातली. आवाज साधाच ठेवून ती म्हणाली, "रक्त उसळलं की स्टूल सरकवायला वेळ नसतो, सर. मला हत्यारं निर्जंतुक करतात त्या विभागात द्या. तिथं बसून काम असतं." दाराशी पोचल्यावर ती वळली. "शलाकाचे हात चांगले आहेत. फक्त ओरडू नका तिच्यावर, ओरडलं की हत्यारं मोजताना तिचा आकडा चुकतो."

थिएटरमधल्या शेवटच्या ड्यूटीच्या दिवशी नंदू हाफ डे घेऊन तिला न्यायला आला. रिक्षा नको, चालत जाऊ, असं तीच म्हणाली. चालताना ती कुठल्याही धडधाकट बाईसारखी चालत होती. थिएटरमधल्या मुलींनी दिलेली फुलं आणि कपाटातलं सामान नंदूच्या हातातल्या पिशवीत होतं.

मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. समोर आकडा नव्वद. दोघं फुटपाथच्या कडेला थांबली. सत्तर झाले तशी मोहना चार पावलं पुढे गेली, वळली, चार पावलं मागे आली. पुन्हा पुढे. स्कूटरवरची दोन पोरं बघायला लागली. फुगेवाल्यानं विचारलं, "शुं थयुं, बेन?"

"कशुं नथी, भाई," म्हणत नंदूनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तोही तिच्या बाजूनं चालू लागला. चार पावलं पुढे, चार पावलं मागे. चालता चालता तो कंपनीतल्या नव्या मॅनेजरबद्दल काहीबाही सांगत होता. सिग्नल हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडून गेली, तरी त्याचं सांगणं संपेपर्यंत दोघं तिथंच फिरत राहिली.