दोन कॉइलचा पिकअप

सोमीबायने ओळ मधेच तोडली आणि मांडवाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "हा भुंगा कोनाचा? त्याला आधी बाहेर काढा, मंग मी लगीन लावते."

सगळे सखीच्या गिटारकडे बघायला लागले. सखीने तारांवर दोन्ही हात दाबून धरले, तरी स्पीकरमधून ती जाड गुणगुण येतच राहिली.

सोमीबाय धवलेरी. ती गाण्यातून लग्न लावते, आणि ती गात असताना मांडवात दुसरं वाद्य वाजत नाही. पण धर्मेंद्रदादाने, ज्याच्या बँजो पार्टीत सखी वाजवते, सोमीबायला कसंबसं पटवलं होतं : तुझ्या दोन ओळींच्या मधे गिटार फक्त उत्तर देईल, ओळीत पडणार नाही. सोमीबाय ओळ कुठे संपवेल याचा नेम नसतो, त्यामुळे दर वेळी आवाजाचं बटण खालीवर करत बसणं शक्य नव्हतं. बटण चालू, हात तारांवर, आणि कान सोमीबायकडे. त्या दिवशी शेवटी गिटारसकट सगळ्याच वायरी काढाव्या लागल्या.

सामान भरताना धर्मेंद्रदादा म्हणाला, "पुढचं लग्न साखरशेतचं. तिथं कोणाचा भुंगा ऐकू आला तर तो गडी बंद. मग तू जा आईकडे विटा थापायला."

तो हसत म्हणाला. सखी हसली नाही. तिचे आईबाप भिवंडीकडच्या भट्टीवर होते आणि आईचा रोज फोन येत होता, की तिथे दोन हात कमी पडतात, तू जामसरला राहून करतेस काय. बँड आहे, एवढंच तिच्याकडे उत्तर होतं.

सखी आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. मी पुढे जव्हारच्या कॉलेजात फिजिक्स घेतलं, सध्या घरीच आहे आणि कशातच मन लागत नाही. त्यामुळे ती गिटार घेऊन दारात आली तेव्हा मला बरंच वाटलं.

"वर्षाली, याचं काही होतं का बघ."

मी गिटार उघडली. तारांखाली पिकअप होता : एक चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची एक कॉइल. वर पोलादी तार थरथरली की कॉइलमध्ये वीज निर्माण होते आणि तीच स्पीकरला जाते. पण कॉइलला गिटारची तार आणि मांडवातली वायरिंग यांतला फरक कळत नाही. विजेची थरथरही ती तितक्याच प्रेमाने उचलते.

"दोन कॉइल लागतील," मी म्हटलं. "एकीचा चुंबक उलटा आणि वेढेही उलटे. तारांचा आवाज दोन्हीकडून मिळून वाढतो, विजेचा एकमेकींत मरतो."

"मग कर ना. बोलतेस काय?"

नवीन पिकअप मागवला तर साखरशेतच्या लग्नाआधी पोचेल याची खात्री नव्हती. करायचंच ठरलं, आणि मग मला झोप लागेना. कुठलीही वस्तू हातात आली की हिच्यात तार किती बारीक असेल, असाच विचार.

आधी जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या बाबल्याकडे गेलो. त्याची सगळ्यात बारीक तार पंख्याची. तिने हवे तेवढे वेढे घेतले असते तर कॉइल नारळाएवढी झाली असती.

"गिटारवर नारळ बसवा की," बाबल्या म्हणाला. "लग्नातच वाजवायचीय ना?"

भिंतीवरच्या घड्याळातली तार केसासारखी निघाली, पण इतकीशी, की पोतंभर घड्याळं फोडावी लागली असती. शेवटी बाबल्याच्याच भंगारात दोन जळके स्टॅबिलायझर सापडले. आमच्याकडे व्होल्टेज असं नाचतं की घरटी एक स्टॅबिलायझर, आणि त्यातले निम्मे मेलेले. आतल्या रिलेंची, म्हणजे टकटक करणाऱ्या खटक्यांची, तार हवी तशी होती. दोन्ही स्टॅबिलायझर एकाच बनावटीचे घेतले, कारण दोन कॉइल सारख्या नसल्या तर गुणगुण पूर्ण मरत नाही.

चुंबकाचा घोळ मोठा झाला. कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कमधला चुंबक मी मोठ्या हौसेने लावला. तो इतका दांडगा, की तारेला स्वतःकडे ओढायचा आणि एका सुरात दोन सूर डगमगायचे.

"हा नवरा नको," सखी म्हणाली. "बायकोला हलू पण देत नाही."

मग आमच्या कपाटाच्या दाराला असतो तो चपटा काळा चुंबक काढला. मवाळ, पण पुरेसा. तो दोन कॉइलच्या मधे आडवा ठेवला की एका कॉइलच्या पोटातल्या लोखंडी स्क्रूंना उत्तर ध्रुव मिळतो, दुसरीच्या स्क्रूंना दक्षिण. कपाटाचं दार तेव्हापासून आपोआप उघडतं आणि आई माझ्याशी कपाटाबद्दलच बोलते.

कॉइलचे साचे स्विचबोर्डाच्या हायलम शीटचे कापले. तार आईच्या शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर गुंडाळली. सखी चाक फिरवायची, मी बोटांच्या चिमटीतून तार सोडायची. दोघी श्वास धरून. तार तुटली की सखी मला नाही, तारेला शिव्या द्यायची. तेवढ्यात भट्टीवरून तिच्या आईचा फोन यायचा आणि ती तो वाजू द्यायची.

वेढे सैल राहिले तर पिकअप शिट्टी मारतो, म्हणून वर मेण ओतलं. भोपळ्याचा तारपा सांधायला वापरतात तेच मधाच्या पोळ्याचं मेण, आणि खोलीभर मधाचा वास.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा गुणगुण दुप्पट झाली. सखीचा चेहरा उतरला. मी एका कॉइलची दोन टोकं उलटी केली आणि स्पीकर एकदम मेल्यासारखा गप्प झाला. तिने तार छेडली. सूर आला, संपला, आणि त्यानंतर काहीच नव्हतं.

"पुन्हा," मी म्हटलं. तिने पुन्हा छेडली. तरी मला चैन पडेना. सोल्डरचा डाग दिलेला एक सांधा जेमतेम केसाएवढ्या तारेवर टिकून होता.

साखरशेतच्या मांडवात मी सखीच्या मागे उकिडवी बसले. दुपारचं ऊन पत्र्यातून खाली येत होतं. धर्मेंद्रदादाने सगळी बटणं चालू केली, बँजो मांडीवर घेतला. सोमीबायने घसा खाकरला, पहिली ओळ धरली आणि तिथेच थांबली.

"आहेच की भुंगा."

होताच. थोडा बारीक, पण तोच.

"सखे," धर्मेंद्रदादा म्हणाला, "काय ठरलं होतं?"

सखीने माझ्याकडे वळून पाहिलं. सांधा, मला वाटलं, सांधा गेला. मी हात घालून गिटारची वायर उपटली.

भुंगा चालूच राहिला.

क्षणभर कोणालाच कळेना. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी आम्ही एकटी गिटार ऐकली होती, आणि मांडवात आजवर सगळ्यांनी एकत्रच सगळं ऐकलं होतं. कोण किती गुणगुणतं हे कोणी वेगळं करून पाहिलंच नव्हतं, मीही नाही.

"दादा," मी म्हटलं, "तुमची वायर काढा."

"माझी कशाला?"

"काढून तर बघा."

त्याने बँजोची वायर काढली. मांडव गप्प झाला. बाहेर कोंबडं ओरडलं तेवढंच.

एक म्हातारा हसत खोकला. सोमीबायने धर्मेंद्रदादाकडे मान वाकडी करून पाहिलं. "गडी सापडला काय रं?"

त्याचं तोंड लाल झालं. पार्टी त्याची, स्पीकर त्याचे, बँजो त्याच्या वडिलांपासूनचा. तो वायर हातात धरून बसला. मला वाटलं, आता हा गिटारसुद्धा काढायला लावेल. कोणी अडवलं नसतं. सखीही तेच समजून गिटार मांडीवरून उतरवायला लागली.

"ठेव," तो म्हणाला. "वाजव तू. मी गाणं झाल्यावर लावतो माझा." मग माझ्याकडे न बघता, "त्या बाबल्याकडं अजून आहेत का गं स्टॅबिलायझर?"

मी वायर परत खोचली. सोमीबायने ओळ घेतली, लांबवली, वर नेली. मला वाटलं संपली. सखीची बोटं उचलली गेली आणि हवेत थांबली, कारण ओळ संपली नव्हती. स्पीकरमधून काहीही आलं नाही. मग सोमीबायने खरोखर श्वास घेतला, आणि सखीने त्या जागेत चार सूर ठेवले.

सोमीबायने डोळे उघडले नाहीत. पुढची ओळ संपल्यावर मात्र तिने जागा जरा जास्त सोडली.