पार्सल मिळणार नाही

धुरपदाबाईंचा मोतीबिंदू नऊ वर्षं पिकत होता. दर उन्हाळ्यात, लग्नसराई आटोपली की त्या सुनेला, कुंदाबाईला सोबत घ्यायच्या, सोनगीरहून एस.टी.नं धुळ्याला डोळे दाखवायला जायच्या आणि संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या मुलाला सांगायच्या, "डॉक्टर म्हणे, अजून कच्चा शे." भाईदास मान डोलवायचा. आंब्याची अढी पंधरा दिवसांत उतरते, मग आईच्या डोळ्यातल्या या फळालाच काय झालंय, असं त्यानं कधी विचारलं नाही. भाईदासचा स्वभावच असा की समोरचा सांगेल ते खरं.

खरं तर दुसऱ्याच वर्षी डॉक्टरांनी मोतीबिंदू नाहीच म्हणून सांगितलं होतं. पण तोवर आग्रा रोडच्या एका बोळातलं मोतीलाल पॉट आइस्क्रीम सापडलं होतं.

ते दुकान उन्हाळ्यापुरतंच. होळीला उघडायचं आणि मृग लागला की बंद. हिवाळ्यात त्याच गाळ्यात दुकानाचा मालक मदनलाल रजया विकायचा. पाटी मात्र अजून वडिलांच्या नावाची. लाकडी पिंपात बर्फ आणि खडे मीठ, मधोमध दुधाचा डबा, आणि त्याचा दांडा दिवसभर गरगरत असायचा. जुन्या गिऱ्हाइकांना दांडा फिरवायचा मान मिळे. साक्रीचा एक कापडवाला आधी धोतर सावरून पन्नास फेरे मारायचा आणि मगच बशी घ्यायचा. न फिरवता खाल्लेलं त्याला म्हणे पचत नसे.

दुकानात दुसरी एक पाटी होती, लाल अक्षरांत: पार्सल मिळणार नाही. मोतीलालच्या वेळी कुणीतरी लग्नाच्या पंगतीसाठी आइस्क्रीम गावी नेलं होतं. पोचेपर्यंत त्याचं गोड दूध झालं, आणि पुढची दोन वर्षं त्या गावात मोतीलाल गोड दूधवाला म्हणूनच ओळखला गेला. तेव्हापासून खायचं तर इथं बसून.

सासू-सुना पडद्याआडच्या बाकावर बसायच्या. पहिला चमचा तोंडात गेला की धुरपदाबाई ओरडून विचारायच्या, "कितलं पानी टाकं रे यामा, मदन?"

"अक्का, विहीरच ओतली," मदनलाल गल्ल्यावरून म्हणायचा.

मग त्या हसायच्या. कुंदाबाईसाठी सगळं धुळं त्या हसण्यात होतं. घरी धुरपदाबाई हसत नसत. घरी त्या सुनेला नावानंही हाक मारत नसत. 'वहू, पानी आण', 'वहू, मीठ जास्त व्हयनं'. पडद्याआड मात्र 'कुंदा' म्हणायच्या. लहानपणी झोक्यावरून पडून दात कसा तुटला, सासरी पहिल्या रात्री भुकेनं उठून गूळ चोरला तो कसा उंदरावर ढकलला, असलं काहीबाही सांगायच्या. परतीच्या बसमध्ये सोनगीरचा किल्ला दिसला की पदरानं ओठ पुसायच्या. ओठ पुसले की सासू परत यायची. वर्षातून एक तास ती बाई भेटते, एवढ्यावर कुंदाबाईचं उरलेलं वर्ष निघून जाई.

दहाव्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, धुरपदाबाई चैत्रात न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या खाटेला खिळल्या, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. बोलणंच थांबलं. कुंदाबाईला तर वाटायचं, त्यांनी मीठ जास्त झाल्याचं तरी बोलावं.

मृगाला दोन दिवस उरले तेव्हा तिनं काय करायचं ते ठरवलं. डोळ्यांचे थेंब आणते, असं नवऱ्याला सांगितलं. तो वखराच्या घाईत होता. घरात भाव येईल म्हणून थोपवलेला कापूस खोलीभर पडला होता. त्यातला चांगला दोन-तीन शेर तिनं मोठ्या गाठोड्यात बांधला. आत सोनगीरच्याच तांबटाकडचा, घट्ट झाकणाचा पितळी डबा. आणि पोचली मदनलालकडे.

"अक्का कुठं?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

तिनं सांगितलं. मग गाठोडं सोडलं, डबा काढून पुढं ठेवला. "आंब्याचं. डबा भरून."

मदनलालनं नुसतं पाटीकडे बोट केलं.

"वाचता येतं मला, शेठजी."

"मग? बस कधी मिळणार, सोनगीर कधी येणार. अक्का तोंडात घालतील तेव्हा आमरस झालेला असेल. नाव जाईल ते माझ्या बापाचं." त्यानं गाठोड्यातला कापूस चिमटीत धरला. "आणि हे काय? वर्षानुवर्षं रजया विकतोय मी. कापूस ऊब देतो, बाई. आइस्क्रीमला रजई पांघरायची?"

"कापूस ऊब देत नाही," कुंदाबाई म्हणाली. "ऊब आपल्या अंगाची असते. तो नुसती धरून ठेवतो. थंड दिलं तर थंड धरतो. मागच्या बाजारी मी गोळेवाल्याकडून बर्फाचा खडा घेतला आणि कापसात पुरला. दिवेलागणीला उकरला, तर आवळ्याएवढा उरला होता."

मदनलाल कापसाच्या पुंजक्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं गिऱ्हाइकाला 'घ्या, गरम माल आहे' म्हणत आलेला माणूस तो. बाकावरचा साक्रीवाला कापडवाला म्हणाला, "देऊन टाक रे. बाईनं बर्फ पुरून बघितलाय. तू काय पुरून बघितलंस?"

मदनलालनं डबा आधी पिंपातल्या बर्फात बुडवून गार केला. मग दाबून दाबून भरला, झाकण लावलं आणि कापसाचे थर स्वतःच्या हातानं रचले. रजई भरणारा हात तो, कुठं फट राहू दिली नाही.

"होळीला येऊन सांगायचं," तो म्हणाला, "पोचलं की नाही. नाही पोचलं तरी येऊन सांगायचं."

एस.टी. उशिरा आली आणि खच्चून भरलेली आली. कुंदाबाईनं गाठोडं मांडीवर घेतलं. शेजारी नेमका गावातला वनाकाका.

"काय शे व?"

"कापूस."

वनाकाका विचारात पडला. सोनगीरहून धुळ्याला जाणारा कापूस त्यानं जन्मभर पाहिला होता. धुळ्याहून सोनगीरला येणारा पहिल्यांदाच पाहत होता.

"परत का आणला?"

"भाव पटला नाही," कुंदाबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मांडीला ओल लागतेय का, एवढंच तिचं लक्ष होतं. नगावजवळ बस थांबली, कुणाची तरी बकरी चढवायची होती. त्या दहा मिनिटांत तिनं जेवढे देव आठवले तेवढे लग्नातही आठवले नव्हते.

घरी येऊन तिनं सासूच्या खोलीचं दार लोटलं आणि गाठोडं खाटेवर सोडलं. बाहेरचा कापूस कोरडा, आतला जरा ओलसर. डब्याला हात लावला तर बोटं चिकटली. झाकण निघालं. कडेनं थोडं सुटलं होतं, मधला गोळा तसाच घट्ट.

धुरपदाबाईंनी मान वळवली. आधी कापूस पाहिला.

"कापूस वला करी टाका," त्या म्हणाल्या. दीड महिन्यातलं सर्वांत मोठं वाक्य. मग डब्यात पाहिलं.

कुंदाबाईनं चमचा भरून पुढं केला. सासूनं तो तोंडात घेतला, डोळे मिटले आणि गिळलं. कुंदाबाई वाट बघत राहिली.

"कितलं पानी टाकं रे यामा?" धुरपदाबाई भिंतीला म्हणाल्या.

"विहीरच ओतली, अक्का," कुंदाबाई म्हणाली आणि तिनं दुसरा चमचा भरायला घेतला.

सासूचं पोट हललं. खुबा दुखला असणार, कारण हसता हसता त्या कण्हल्या.

तेवढ्यात भाईदास तणतणत दारात आला. "वनाकाका सांगतो, तू कापूस विकायला धुळ्याला गेली होतीस? मला न विचारता?" मग त्याला डबा दिसला, चमचा दिसला, आईच्या हनुवटीवरचा पिवळा ओघळ दिसला. "हे काय चाललंय? डोळ्याचे थेंब कुठायत?"

कुंदाबाईनं सासूकडे पाहिलं. ओठ पुसायची वेळ झाली होती. पदर हाताशीच होता.

धुरपदाबाईंनी तो घेतला नाही.

"हाईच शे औषध," त्या म्हणाल्या. "नऊ वरीस हाईच खाई राहिनू मी. बस आठे."

भाईदास खाटेच्या कडेला टेकला. त्याच्या हातात चमचा आला. त्यानं खाल्लं, आणि पुढचं विचारायला त्याला वेळ लागला, कारण तोंड थंडीनं बधिर झालं होतं.

"आणि मोतीबिंदू?"

"तो पिकना नही अजून."

भाईदासनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा डब्यात चमचा घातला. रागवावं की काय करावं, हे त्याला चौथ्या चमच्यापर्यंत ठरवता आलं नाही. नंतर ते राहूनच गेलं.

डबा तळाला आला तेव्हा कुंदाबाई तो घेऊन मोरीकडे निघाली.

"कुंदा," पाठीमागून हाक आली. घरात, मुलादेखत. "घासू नको आत्ते. तळाले थोडं शे."