पाय टेकलेच पाहिजेत!

मी सायकल. फणसवाडीत त्रिलोकेकरांच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांना टेकून उभी असते ना, तीच. इतकी वर्षं गप्प राहिले, कारण बोलण्याच्या लायकीचं कुणी समोर आलं नाही. तुम्ही आहात असंही माझं म्हणणं नाही. पण आता तोंड उघडलंय तर ऐका.

जन्म माझा लुधियानाचा. रंग निळा, बांधा सडपातळ, ब्रेक दोन्ही चाकांना. मुंबईला येताना घाटात आमच्या ट्रकचे ब्रेक लागेनात. ड्रायव्हर देवाचा धावा करत बसला. शेवटी आतून मी माझे ब्रेक करकचून दाबले तेव्हा कुठे तो ट्रक थांबला. पटत नाही? नका पटवून घेऊ. तुम्हाला मनमोहनरावांचं पटतं आणि माझं पटत नाही, इथेच तर सगळं दुखणं आहे.

मनमोहनरावांकडे येतेच. आधी त्यांची मुलगी देविका. लॉकडाऊनमध्ये अख्ख्या मुंबईला एकदम शोध लागला की आपल्याला पाय आहेत, आणि दुकानांतल्या सायकली संपल्या. देविकाने मला तेव्हा घेतलं. रिकाम्या मरीन ड्राइव्हवर मी जेवढी धावले, त्याहून जास्त वेळ फोटोला उभी राहिले. मग ऑफिसं उघडली, देविका नोकरीला बेंगळुरूला गेली आणि मी जिन्याखाली गेले. माझ्या हँडलवर छत्र्या वाळल्या, कॅरिअरवर रद्दी चढली, बास्केटमध्ये एका मांजरीचं बाळंतपण झालं. ती निदान जाताना जागा चाटूनपुसून साफ करून गेली. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

मला तिथून बाहेर काढलं उर्मिलाबाईंनी. देविकाची आई. बँकेतून निवृत्त झाल्या, सत्काराची शाल कपाटात ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी जुनं फडकं घेऊन खाली आल्या. माहीमला माहेरच्या गल्लीत भावाच्या सायकलवर त्या शिकल्या होत्या. त्या गल्लीपर्यंत पुन्हा सायकलने जायचं, एवढीच त्यांची हौस. मला पुसता पुसता पुटपुटत होत्या, "एकदा माहीमला जाऊन येऊ गं आपण." मला कुणी 'आपण' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. माझी चाकं भरून आली म्हणाले असते, पण त्यांत हवा नव्हती.

आणि मग जिन्यावरून आवाज आला. "थांब! हात लावू नकोस. मी बसवून देतो."

हे मनमोहनराव. विमा कंपनीतून निवृत्त. हे कुजबुजले तरी ठाकूरद्वारला ऐकू जातं. आयुष्यात एक सायकल विकत घेतली नाही, पण सायकलविषयी मत नाही असा एक दिवस गेला नाही. पाना हातात घेऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर माझं सीट पार खाली दाबलं.

"पाय टेकले पाहिजेत," ते म्हणाले. "दोन्ही. सपाट. तोच सेफ्टीचा पाया."

"अहो, फार खाली होतंय."

"उर्मिला, मी सांगतो ना."

मग अंगठ्याने टायर दाबून म्हणाले, "हवा नरमच बरी. धक्के बसत नाहीत." धक्के बसत नाहीत हे खरं. पण खड्डा आला की रिम थेट रस्त्याशी बोलायला लागते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण वाळूत रुतलोय. त्यानंतर त्यांनी कळस केला. पुढच्या ब्रेकची वायर सोडून ठेवली. "पुढचा ब्रेक दाबलास तर डोक्यावर पडशील. मागचा एक पुष्कळ." मी मनात म्हटलं, मग एका नाकपुडीने श्वास घ्या, दुसरी बुजवून टाका.

ह्या थाटात आम्ही रोज सकाळी बाहेर पडू लागलो. लालबागला प्रिती राहायची. उर्मिलाबाईंच्या बँकेतली, वयाने लहान, चाळीत वाढलेली, जिभेने कडक. रविवारी माहीमपर्यंत जाऊन येणाऱ्या बायकांचा एक गट तिने जमवला होता. पहिल्या रविवारी आम्ही त्या गटाबरोबर निघालो आणि लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशीच संपलो. उर्मिलाबाई गुडघा धरून फुटपाथच्या कडेवर बसल्या. हवेत मिरचीची धूळ, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं हे कुणाला कळलं नाही. मला कळलं.

प्रिती उतरली, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे सीट कुणी बसवलंय? गुडघे हनुवटीला लागतायत तुमचे. सायकल चालवताय की चुलीपुढे भाकऱ्या थापताय?"

"ह्यांनी बसवलंय गं. पाय टेकायला हवेत म्हणतात."

"पाय टेकायला पाट असतो ना घरात! सायकलवर पाय फिरवायचे. थांबताना सीटवरून पुढे सरकायचं नि उतरायचं. एवढी साधी गोष्ट आहे."

उर्मिलाबाईंनी घरी जाऊन ही साधी गोष्ट सांगितली. उत्तर जिन्याखालीही स्वच्छ ऐकू आलं. "त्या प्रितीचे पाय टेकत नाहीत, म्हणून तिला आता तूही लटकायला हवीस. सीटचा काही दोष नाही. गुडघे जुने झालेत तुझे. वय झालं, उर्मिला. मान्य करावं माणसाने."

ह्या 'वय झालं'ची मजा बघा. मनमोहनराव चार वर्षांनी मोठे. पण वय फक्त बायकोचं झालं. त्यांचा झाला तो अनुभव.

वाईट एवढंच की बाईंना ते पटायला लागलं. रोजची फेरी एक दिवसाआड झाली, मग आठवड्याने एकदा. जिना चढताना त्या कठडा धरू लागल्या. घरभर गुडघ्याच्या तेलाचा वास. एका सकाळी मनमोहनराव शेजारच्या अजितना माझ्यासमोरच सांगत होते, "दसऱ्याची पूजा झाली की देऊन टाकू भंगारात. जागा अडते." आणि उर्मिलाबाई बाजूला उभ्या राहून गुडघा चोळत होत्या. मी भंगारात आणि त्या खुर्चीत, असा हिशेब ठरत होता. माहीम राहिलं माहीमच्या जागी.

दसरा उजाडला. वर्षभर ज्या यंत्राकडे ढुंकून बघत नाही, त्याला त्या दिवशी तुम्ही हार घालता. ह्या तुमच्या सवयीवर मी फार हसते. मनमोहनरावांनी मला धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पण चकाकी काही त्यांच्या मनासारखी येईना. मग त्यांनी वरून खोबरेलाची बाटली आणली. चेन कोरडी ठणठणीत होती, तिला एक थेंब नाही. तेल कशाला लावलं? तर रिमांना. दोन्ही चाकांच्या, दोन्ही बाजूंनी, फडक्याने घासून घासून. ब्रेकचं रबर जिथे पकडतं, नेमकं तिथे.

उर्मिलाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या आणि थबकल्या. त्यांच्याकडे शिवणाचं मशीन आहे, सासूबाईंच्या वेळचं, अजून सुईत दोरा घातला की धावतं.

"अहो, तिथे तेल नका लावू. मशीनला मी तेल देते ते आतल्या सांध्यांना. पट्ट्याला लागू देत नाही. पट्टा घसरतो मग."

"ते ब्लाउज शिवायचं मशीन आहे, उर्मिला. हे वाहन आहे."

फोटो निघाला, नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, अंगठे आले. नाना चौकात चुलतभावाकडे सोनं द्यायला जायचं होतं. मनमोहनराव आपट्याची पानं माझ्या बास्केटमध्ये ठेवून म्हणाले, "आज शेवटची चालव हिला. बस. मी आहे सोबत."

उर्मिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चकचकीत रिमकडे पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाल्या, "सगळं तुम्ही बसवलंय ना? मग आज तुम्हीच दाखवा ना, कशी चालवायची."

बाईंच्या आवाजात गोडवा आला की घरातल्या माणसाने सावध व्हावं. मनमोहनराव झाले नाहीत. त्यांना आग्रह लागत नाही, नुसता प्रेक्षक लागतो. नवा कुर्ता सावरत ते बसले. केनेडी ब्रिजच्या चढावर मला हातात धरून ढकललं, बाई शेजारून चालत होत्या. वर पोचल्यावर पुन्हा स्वार झाले आणि उतार लागला.

आता माझं खरं ऐका. मी त्या दिवशी अशी सुटले की शेजारची टॅक्सी उभी आहे असं वाटलं आणि आपट्याची पानं बास्केटमधून उडून सरळ नाना चौकात, चुलतभावाच्या गॅलरीत पोचली. मनमोहनराव मागचा ब्रेक दाबत होते. रबर तेलावर मजेत घसरत होतं.

"ब्रेक! अगं, ब्रेक!" ते ओरडले. जणू ब्रेक म्हणजे घरातला नोकर आहे आणि हाक मारली की येईल.

मग त्यांना आपला सिद्धांत आठवला. पाय टेकले. दोन्ही. सपाट. चपलांतून ठिणग्या निघाल्या, एक चप्पल मागे राहिली, दुसरीचा तळ पापडाएवढा पातळ झाला. पण मी कशाला थांबते? समोर आडवी बस आली. तिथे मी स्वतः हँडल वळवलं, ते म्हणतील त्यांनी वळवलं, आणि पुलाच्या पायथ्याशी झेंडू विकायला बसलेल्या राधाबाईंच्या ढिगात आम्ही दोघं कमरेपर्यंत शिरलो.

"ओ काका!" राधाबाई कडाडल्या. "फुलं हाताने घेतात! अंगाखाली नाय घेत!"

मनमोहनराव उठले. लागलं काहीच नव्हतं. कानात झेंडू, तोंडात झेंडू. धापा टाकत आलेल्या उर्मिलाबाईंना त्यांनी पहिलं वाक्य काय सांगितलं असेल? "बघ, पाय टेकत होते म्हणून वाचलो."

बाई आधी हसल्या. राधाबाईंबरोबर पोट धरून हसल्या. मग त्यांनी वळून माझ्या सीटकडे पाहिलं. त्या सीटवर आज कोण बसणार होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. नवऱ्याच्या अंगावरच्या पाकळ्या झटकत त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ज्याला ब्रेक कळत नाही, त्याला माझा गुडघा काय कळणार?"

मनमोहनराव चप्पल शोधायला गेले.

दुपारी प्रिती आली. सकाळी चैत्यभूमीला जाऊन आलेली, पांढरीशुभ्र साडी. "मी चेनला हात लावणार नाही हां, ताई. लांबून ओरडेन." ओरडायची वेळ फारशी आलीच नाही. उर्मिलाबाईंनी साबणाच्या पाण्याने दोन्ही रिम आणि ब्रेकची रबरं धुतली, कोरड्या फडक्याने पुसली. तेल चेनला दिलं, थेंब थेंब, मशीनला देतात तसं, आणि वरचं जास्तीचं पुसून घेतलं. पुढच्या ब्रेकची वायर घट्ट केली. पंपाने हवा भरली, अंगठ्याने दाबला तरी टायर दबेनासा होईपर्यंत. मग भिंतीला हात लावून माझ्यावर बसल्या, टाच पॅडलवर ठेवली आणि पाय खाली सरळ होईल तिथवर सीट वर घेतलं.

"आता पाऊल ठेवा," प्रिती म्हणाली. "बघा, गुडघा जरासा वाकतो की नाही?"

बाईंनी पाऊल ठेवलं. पॅडल उलटं फिरवत राहिल्या. मग वरून लाल नेलपॉलिश आणलं आणि सीटच्या दांड्यावर खूण केली. "आता कुणी खाली केलं तर मला कळेल."

गल्लीत त्या दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबायला शिकल्या, पुढे सरकून उतरायला शिकल्या. डोक्यावर एकदाही पडल्या नाहीत. आणि रविवारी आम्ही निघालो. लालबाग मागे पडलं, परळ, दादर मागे पडलं. माहीमच्या त्या गल्लीत शिरल्यावर बाईंनी विनाकारण माझी घंटी वाजवली. ओळखीचं कुणीही बाहेर आलं नाही. तरी त्या हसत होत्या.

परतल्यावर कठडा न धरता जिना चढल्या. वरून आवाज आला, "गुडघा कसा आहे?"

"कुठला?" बाई म्हणाल्या.

माझं भंगारात जाणं पुन्हा कुणी काढलं नाही. आता मी इथेच असते, पण अंगावर छत्री नाही, रद्दी नाही. परवा मनमोहनराव अजितना घेऊन खाली आले, अंगठ्याने माझा टायर दाबला आणि म्हणाले, "सीट नेहमी उंच असावं. मी तर पहिल्यापासून सांगतोय." तेव्हा माझी घंटी आपोआप वाजली, आणि गॅलरीतून बाईंनी विचारलं, "काय म्हणालात?" मनमोहनराव म्हणाले, "काही नाही."

तुमच्याही जिन्याखाली माझी एखादी बहीण उभी असेल. हार नको तिला, हळदकुंकूही नको. पंप घेऊन जा. आणि तिच्यावर बसून कुणाचा गुडघा दुखला, तर त्या माणसाचं वय विचारायच्या आधी तिचं सीट बघा. चला, निघा आता. बाईंच्या पायांचा आवाज येतोय, आणि मला बोलत उभं राहायला वेळ नाही.