चिठ्ठी दाखवा, मूल न्या

आमच्या चर्चच्या कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन आलं आणि घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात आई आणि मी. दुसऱ्यात आजोबा, एकटेच, पण आवाज चौघांचा.

आई चर्चची रविवारची बालशाळा चालवते. आजोबा, म्हणजे आईचे बाबा, चर्चचे खजिनदार. आणि सभासदांची नावं, वाढदिवस, हॉलचं बुकिंग हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये असतं, ते घरात सगळ्यात भराभर चालवणारी मी. असं आई म्हणते. आता मीही म्हणायला लागले आहे.

नव्या व्हर्जनमध्ये खूप गमती होत्या. गायनमंडळाच्या पाळ्या ते आपोआप लावतं. पहिल्याच फटक्यात त्याने अबोला धरलेल्या दोन बहिणींना एका माइकसमोर उभं केलं! पण आईचा जीव अडकला होता 'मुलांची नोंद' या नव्या सोयीत. मूल वर्गात सोडलं की प्रिंटरमधून दोन चिठ्ठ्या निघतात, दोन्हींवर एकच कोड. एक मुलाच्या पाठीला चिकटवायची, दुसरी पालकांच्या हातात द्यायची. नेताना कोड जुळला तरच मूल मिळणार.

गेल्या वर्षी वर्ग सुटल्यावर एक मुलगा सापडेना. सगळं चर्च त्याला शोधत होतं, त्याची आई पायऱ्यांवर बसून रडत होती, आणि हा पठ्ठ्या मामाबरोबर खुशाल घरी गेलेला. तेव्हापासून शेवटचं मूल घरी जाईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो. घरी येऊनसुद्धा ती मनातल्या मनात पोरं मोजते. मला दिसतं ते.

"ओळखीची माणसं, ओळखीची पोरं," आजोबा म्हणाले. "पाठीला चिठ्ठ्या चिकटवायला ती काय पार्सलं आहेत?"

"बाबा, करून तर बघू."

"एक रविवार करा. संध्याकाळी कमिटी ठरवेल. आणि कमिटीत मी आहे, लक्षात असू दे."

म्हणजे झालं! लोकांनी एका रविवारात कटकट केली की सोय बंद, आणि आईची घालमेल पुन्हा सुरू. ती स्वतः वर्गात असणार, म्हणून काउंटरवर मी.

रविवारी रांग हॉलच्या दाराबाहेर गेली.

"नाव सांगा मावशी."

"अगं, तुला दुपट्यात असल्यापासून ओळखते मी!"

"तुम्ही ओळखता हो, पण या मशीनने कुठे पाहिलंय मला दुपट्यात?"

रांग हसली. हे मी बोलले! मी! मला इतकी मजा आली की पुढच्या प्रत्येकाला मी काहीतरी बोलतच सुटले.

पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या मिसेस, ज्यांना सगळं चर्च वहिनी म्हणतं, त्या भिंगरीला घेऊन आल्या. भिंगरी त्यांची मुलगी, चार वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. तिच्या पाठीला चिठ्ठी लावायला मला टेबलाभोवती धावावं लागलं. दुसरी चिठ्ठी वहिनींनी मुठीत घेतली आणि उपासनेला पळाल्या.

उपासना सुटली. लोक चिठ्ठ्या दाखवत होते, मी कोड जुळवत होते, मुलं जात होती. सगळं लोण्यासारखं. तेवढ्यात पांढऱ्या झग्यातच पाळकसाहेब आले आणि सरळ वर्गाच्या दाराकडे निघाले.

"भिंगरे, चल लवकर! तुला घरी सोडून मला दवाखान्यात एका आजाऱ्याजवळ पोचायचंय."

"साहेब, चिठ्ठी?" मी विचारलं.

"कसली चिठ्ठी? ती तुझ्या वहिनीकडे असेल. अगं, मी बाप आहे तिचा."

"माहीत आहे ना. पण चिठ्ठी लागते."

रांगेतून दातांचे डॉक्टर पुढे आले. तेही कमिटीत आहेत. "पोरी, पाळकांना ओळखत नाहीस? शाळेत हेच शिकवतात का तुम्हाला?"

माझे कान तापले. पूर्वीची मी असते तर 'सॉरी, सॉरी' करत दार उघडलं असतं. पण मी रांगेकडे पाहिलं. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी होती, आणि प्रत्येक जण बघत होता मी काय करते ते. आता साहेबांना सोडलं तर पुढचा म्हणणार, मीही ओळखीचाच. मग मामा ओळखीचा, शेजारी ओळखीचा, आणि पुन्हा कोणीतरी पायऱ्यांवर बसून रडणार.

आवाज ऐकून आई वर्गाच्या दारात आली. मी हळूच म्हटलं, "आई, तुझ्या लॉगिनवरून चिठ्ठीशिवायही सोडता येईल."

"येईल," आई म्हणाली. "पण काउंटर तुझा आहे. तू ठरव."

मी ठरवलं. "साहेब, चिठ्ठी हरवली तर त्याचीही सोय आहे. तुमच्या नंबरवर नवा कोड पाठवते." मी बटण दाबलं. सगळे साहेबांच्या खिशाकडे बघत राहिले. खिसा गप्प. मी स्क्रीनवर पाहिलं.

"साहेब, इथे तुमच्या दोघांचा म्हणून एकच नंबर आहे, ऑफिसच्या टेबलावरच्या फोनचा. त्याच्यावर मेसेज कसा येणार? कोणी दिला हा?"

"मीच," साहेब ओशाळून म्हणाले. "मोबाइल सारखा वाजतो गं."

रांगेत खसखस पिकली. तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी पर्स उपसली, झग्याचे खिसे तपासले, झगा साहेबांच्या अंगात असतानाच. मग कपाळाला हात लावला.

"अगं बाई! मुठीत नोट होती आणि चिठ्ठी होती. दानाची थैली फिरली तेव्हा मी दोन्ही टाकलं!"

"म्हणजे भिंगरी देवाला वाहिली म्हणायची!" मावशी मागून ओरडल्या, आणि हॉलमध्ये असा हशा उठला की वर्गातली पोरंही उगाचच हसायला लागली.

आईने काउंटर धरला. मी साहेबांबरोबर मागच्या खोलीकडे गेले. दारात आजोबा उभे, हातात किल्ली.

"खजिनदार, जरा थैली उघडा. आमची एक चिठ्ठी आहे त्यात."

"उघडू की. माझ्यासोबत दोन सभासद लागतात. एक आलाय, दुसरा येतोय."

"अहो, मी आहे ना!"

"तुम्ही चालत नाही, साहेब. थैली उघडताना पाळकांनी खोलीत यायचं नाही. नियम तुमच्या आधीचा आहे. माझ्याही आधीचा."

पाळकसाहेब आजोबांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले आणि मोठ्याने हसले. "एकाच घरातले ना तुम्ही दोघं?"

आजोबा हसले नाहीत. भुवया वर करून ते नुसते माझ्याकडे बघत होते, जणू मी नव्याने घरी राहायला आले आहे.

दुसरा सभासद आला, दार लागलं. थोड्या वेळाने आजोबा चुरगळलेली चिठ्ठी घेऊन बाहेर आले. साहेबांनी हात पुढे केला. आजोबांनी ती माझ्या हातात ठेवली.

"जुळतो का बघ आधी."

जुळला. भिंगरी बापाच्या कडेवर चढली, तिथून वहिनींच्या कडेवर गेली आणि साहेब दवाखान्याकडे पळाले.

संध्याकाळी कमिटी बसली. आई आणि मी कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती.

डॉक्टरांनीच सुरुवात केली. "सोय चांगली असेल. पण एवढ्याशा पोरीने सगळ्यांसमोर पाळकांना अडवून ठेवायचं? हा अपमान आहे."

पाळकसाहेब काही बोलणार होते, पण आजोबा आधी उठले. झालं, मी मनात म्हटलं.

"डॉक्टर," आजोबा म्हणाले, "आज मीही पाळकांना अडवलं. दर रविवारी अडवतो. इतक्या वर्षांत मला कोणी म्हटलं का, की अपमान केला?"

"पैशाची गोष्ट वेगळी हो."

"तेच म्हणतोय मी. थैलीला आपण कुलूप लावतो, दोन साक्षीदार उभे करतो. आणि पोरांना? पोरांना, ओळखीचे आहेत, न्या! परवापर्यंत मीही हेच म्हणत होतो. आज मला माझीच लाज वाटली."

मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "माझं मत सोय राहू द्यावी. आणि अपमान म्हणाल, तर दवाखान्यात जाताना वाटेत मी विचार करत होतो, की माझ्या पोरीला कोणी ऐरागैरा उचलून नेऊ शकणार नाही. बरं वाटलं मला."

हात वर झाले. आजोबांचा सगळ्यात आधी, डॉक्टरांचा सगळ्यात शेवटी, पण झाला. आईने माझा हात सोडला आणि डोळे पुसले. मी मात्र दात काढून हसत होते, हसणं बंदच होईना.

निघताना डॉक्टर दारात आजोबांना म्हणाले, "तुमची नात भलतीच कडक आहे हो."

आजोबांनी टोपी घातली. "आहेच," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी दार धरून उभे राहिले.